न जुळणाऱ्या नळ्या

प्राण्यांच्या इस्पितळाच्या मागच्या अंगाला, धुतलेल्या चादरी जिथे वाळत घालतात त्या गच्चीच्या खालच्या मजल्यावर, कुत्र्यांच्या कर्करोगाची रेणवीय तपासणी करणारी एक प्रयोगशाळा आहे. थेंबरावांनी आपल्या उमेदीची सगळी वर्षे तिथे घालवली. थेंबराव हे अर्थातच त्यांचे खरे नाव नव्हे. डोळ्यांना धड दिसणारही नाही एवढा द्रवाचा थेंब पिपेटने उचलून तो नेमक्या खळग्यात सोडण्याचे कसब त्यांच्या हातात होते, म्हणून कोणा थट्टेखोराने ते नाव ठेवले. पुढे ते इतके रुळले, की पगाराच्या पाकिटावरचे नाव वाचून स्वतः थेंबरावांनाच क्षणभर ‘हे कोण गृहस्थ’ असे वाटे.

ते तिथे प्रथम लागले ते काचेची भांडी धुण्याच्या कामावर. भांडी धुता धुता संध्याकाळच्या वर्गांना जाऊन त्यांनी पदविका मिळवली, आणि ज्या टेबलांवरची भांडी ते उचलत असत त्यांपैकीच एका टेबलाशी खुर्ची ओढून बसले. त्या काळी गाठीचा पातळ काप काचेवर घ्यायचा, रंगवायचा, सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा, की काम संपले. पुढे डीएनए वाचणारी यंत्रे आली. बरोबरीची मंडळी यंत्रांना बिचकली. थेंबरावांनी माहितीपत्रक घरी नेले आणि शाळकरी मुलासारखे पाठ केले. त्यांच्या टेबलावर नळ्या एका रेषेत उभ्या असत आणि लेबलांची तोंडे वाचणाऱ्याकडे असत. कोणी त्यांच्याकडे पेन विसरला, तर तो कागदाच्या कडेला समांतर ठेवलेला सापडे.

प्रयोगशाळेतला सर्वांत कडक नियमही त्यांनीच घालून दिला होता. प्रत्येक कुत्र्याच्या दोन नळ्या येत. एकीत रक्त, दुसरीत गाठीचा तुकडा. गाठीच्या डीएनएमध्ये काय बिघडले आहे हे पाहण्याआधी दोन्ही नळ्या एकाच कुत्र्याच्या आहेत ना, याची खात्री करून घ्यायची. डीएनएमधल्या काही ठरावीक जागा प्रत्येक कुत्र्यात निराळ्या असतात. यंत्र त्या जागा कागदावर शिखरांच्या रांगेसारख्या उमटवते. दोन्ही नळ्यांच्या रांगा तंतोतंत जुळल्या, की कुत्रा एकच. जुळल्या नाहीत, तर कोणाच्या तरी हातून नळ्यांची अदलाबदल झाली; नमुना बाद करा, नवा मागवा. याला प्रयोगशाळेत ‘ओळखपरेड’ म्हणत. परेड फसणे ही तिथली मोठी नाचक्की. थेंबरावांची परेड कधी फसली नव्हती, आणि ज्याची फसे त्याच्याकडे ते चष्म्याच्या वरून असे पाहत, की त्याला त्या दिवशी डबा गोड लागत नसे.

अशा माणसाच्या उजव्या हाताचा अंगठा एके सकाळी आपला आपण हलू लागला.

ते खुर्चीत बसून यंत्र तापण्याची वाट पाहत होते. हात मांडीवर रिकामा पडला होता. अंगठा तर्जनीवर घासत होता, जणू एखादी गोळी वळावी तसा. थेंबरावांनी त्याच्याकडे पाहिले तसा तो थांबला. नजर काढली, की पुन्हा सुरू. पिपेट हातात घेतली तेव्हा मात्र तो शहाण्यासारखा वागला. ‘काम करताना हलत नाही ना, मग झाले,’ अशी त्यांनी मनाची समजूत घातली; पण त्या दिवशी ते पुन्हा पुन्हा अंगठ्याकडे पाहत राहिले.

त्याला कारण होते. त्यांचे वडील केशकर्तनालय चालवत. त्यांचा हात उतारवयात असाच हलू लागला. वस्तरा धरलेला हात तेवढा बराच काळ स्थिर राहिला, पण गिऱ्हाइकांनी वस्तरा नसतानाचा हात पाहिला होता. कोणी काही बोलले नाही. कोणी तक्रार केली नाही, कोणी कधी विचारलेही नाही. लोक एक-एक करून शेजारच्या दुकानात जाऊ लागले, आणि येता-जाता वडिलांना पूर्वीसारखाच हसून नमस्कार करत राहिले. वडील आरशासमोरच्या रिकाम्या खुर्चीवरचा टॉवेल रोज नव्याने घडी घालून ठेवत. थेंबरावांना भीती वाटे ती त्या नमस्कारांची. म्हणून त्यांनी रिकामा हात खिशात ठेवायची सवय लावून घेतली, आणि प्रयोगशाळेत कोणाला कळू दिले नाही.

थेंबरावांचा संसार म्हणजे ते आणि त्यांची थोरली बहीण. ताई विधवा, घरी शिवणकाम करी. जिभेला तिच्या कात्रीसारखीच धार होती. तिच्यापाशी एक कुत्रा होता. बसच्या आगारात तो मोठा झाला आणि एक दिवस ताईच्या कापडाच्या पिशवीमागे चालत घरी आला. आल्या दिवसापासून त्याने दारात ठाण मांडून येणाऱ्या-जाणाऱ्यांवर अशी देखरेख सुरू केली, की ताईने त्याचे नाव मुकादम ठेवले.

मुकादमाच्या नाकातून रक्त येऊ लागले. आधी शिंकेबरोबर एखादा थेंब, मग धार; पुढे नाकाची एक बाजू सुजून डोळ्याखाली फुगवटा आला. इस्पितळातल्या सर्जनांनी नळी घालून तुकडा काढला.

“नाकाच्या पोकळीत गाठ आहे,” ते ताईला म्हणाले. “सूक्ष्मदर्शकाखाली गोल पेशींची घातक गाठ दिसते. नेमका प्रकार सांगता येत नाही. डीएनएचा तपास होऊ दे. पण मला विचाराल तर नाकाचं हाड आणि वरच्या जबड्याचा अर्धा भाग काढावा लागेल.”

“आणि मग तो खाणार कशानं?” ताईने विचारले.

“खातात. शिकतात हळूहळू.”

“तुम्ही पाहिलाय कोणी शिकलेला?”

“पाहिलेत.”

“त्यातला एखादा मला दाखवा,” ताई म्हणाली. “नाहीतर याला निजवून टाका कायमचा. अर्ध्या तोंडानं मुकादमकी करायची त्यानं, आणि मी ते बघायचं? मला ते जमायचं नाही.”

नळ्या थेंबरावांच्या टेबलावर आल्या. प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉक्टरबाई त्यांच्याहून बऱ्याच लहान. पण बाईंचा हुकूम म्हणजे हुकूम.

“घरचं जनावर आहे, थेंबराव. दुसऱ्या कोणाकडे देऊ का?”

“कशाला, बाई? नळीला नातं कळत नाही,” थेंबराव म्हणाले. खरे कारण निराळे होते. नाही म्हटले तर ‘का’ असा प्रश्न येईल, आणि त्या ‘का’च्या मागे कोणी खिशातल्या हातापर्यंत पोहोचेल, अशी धास्ती त्यांना वाटली.

त्यांनी डीएनए वेगळे केले, यंत्रात घातले, आणि दुपारी कागद हाती आला. रक्ताच्या रांगेत मुकादम होता. गाठीच्या रांगेत दुसराच कुत्रा होता.

थेंबरावांनी कागद उलटा ठेवला. पाणी प्यायले. पुन्हा सुलटा केला. गाठीच्या आलेखावर एक परका कुत्रा ठळक, उंच शिखरांनी उभा होता, आणि त्याच्या पायाशी मुकादमाची शिखरे बारीक, खुरटी, कोणी ओळख दाखवावी न दाखवावी अशी उमटली होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांची परेड फसली होती, आणि तीही घरच्या कुत्र्याची. हात खिशात होता. खिशाचे कापड हलत होते.

नियम उघड होता: बाईंना सांगायचे, नमुना बाद करायचा. नियम घालणाऱ्यालाच तो पाळता आला नाही. गाठीचा थोडा तुकडा शिल्लक होता; जेवणाच्या सुट्टीत, मंडळी डबे घेऊन गच्चीवर गेली असताना, त्यांनी सगळी क्रिया पहिल्यापासून पुन्हा केली. पुन्हा तोच परका कुत्रा. त्यांनी घरी मुकादमाच्या गालाच्या आतून कापसाची काडी फिरवून आणली.

“हे आता काय?” ताईने विचारले.

“एक नमुना कमी पडला.”

“मागच्या जन्मी तो गुन्हेगार होता की काय? सगळीकडून तपासणी चाललीय,” ताई म्हणाली आणि मशीनवर वाकली.

गालाचा नमुना रक्ताशी जुळला. म्हणजे रक्ताच्या नळीत मुकादम खराच होता. घोळ गाठीच्या नळीत होता. त्या दिवशी टेबलावर ज्या ज्या कुत्र्यांच्या नळ्या होत्या, त्या सगळ्यांशी त्यांनी परक्याची रांग ताडून पाहिली. एकाशीही जुळली नाही. आदल्या दिवशीच्या कुत्र्यांशी जुळली नाही, त्याच्या आधीच्यांशीही नाही. तेव्हा थेंबरावांच्या मनात नुसत्या नाचक्कीपलीकडची भीती शिरली. हा कुत्रा प्रयोगशाळेत आलाच नव्हता. त्याचे रक्त कोणी काढले नव्हते, त्याला कोणी पाहिले नव्हते, आणि तरी त्यांच्या नळीत तो ठाण मांडून बसला होता. आपण केव्हा, कोणती बाटली, कशात बुडवली? आपल्या हाताने असे काय केले, जे आपल्याला आठवतही नाही? हात हलतो हे एक झाले. हात आपल्या नकळत काम करू लागला असेल, तर आजवर त्याने काय काय केले असेल?

असे दिवस गेले. सर्जनांचा निरोप येई, तेव्हा थेंबराव ‘तपास चालू आहे’ असे कळवत. बाईंनी विचारले तर ‘डीएनए कमी निघाले’ म्हणत. इतकी वर्षे सरळ रेषेत जगलेल्या माणसाच्या तोंडून खोटे निघाले, की ते त्यालाच किती मोठ्याने ऐकू येते, हे त्यांना प्रथमच कळत होते. मुकादमाचा फुगवटा वाढत होता. तो आता तोंड उघडे ठेवून झोपे आणि त्याचा श्वास भिजलेल्या कापडातून वारा यावा तसा येई. शेवटी सर्जनांनी निरोप धाडला, की तपासाची वाट पाहण्यात अर्थ नाही. उद्या सकाळी टेबल मोकळे आहे, शस्त्रक्रिया करून टाकू.

त्या संध्याकाळी ताईने मशीन लवकर बंद केले. मुकादम दाराशी पडला होता. जिन्यात पाऊल वाजले तरी मान उचलत नव्हता.

“तू सांग,” ताई म्हणाली. “कापायचं, की निजवायचं? तू सांगशील ते करते. तुझं शास्त्र आहे.”

थेंबराव मुकादमाकडे पाहत राहिले.

“अरे, तोंडात गुळणी धरून बसलायस का? तपासात काय निघालं?”

“अजून नीटसं निघालं नाही.”

“नीटसं नाही म्हणजे वाकडं निघालं?”

थेंबरावांनी चहाचा कप उचलला. कप बशीवर किणकिणला. त्यांनी तो पटकन खाली ठेवला.

ताई कपाकडे पाहत म्हणाली, “मी किती दिवस झाले तुला अर्धाच कप भरून देतेय, कळलंय का तुला?”

थेंबरावांनी कपात पाहिले. कप अर्धा होता. तो कधीपासून अर्धा होता, हे त्यांना आठवेना.

“सांडला की तुझा चेहरा बापासारखा होतो,” ताई म्हणाली. “म्हणून भरत नाही.”

“मग बोलली का नाहीस?”

“तू बोललास?”

ज्या मुक्या नमस्कारांना ते इतके दिवस भीत होते, ते त्यांच्याच घरात, त्यांच्याच कपात, केव्हाचे सुरू झाले होते. त्यांनी मग ताईला सगळे सांगितले. अंगठा, परेड, परका कुत्रा, खोटे निरोप. सांगताना त्यांचा आवाज इतका खाली गेला की ताईला पुढे सरकावे लागले.

“म्हणजे तुझ्या हाताची लाज राखायला माझा कुत्रा इतके दिवस रक्त गाळत बसला,” ती म्हणाली. तिने आवाज चढवला नाही, म्हणूनच ते थेंबरावांच्या काळजाला झोंबले. “जा. तुझी बाई अजून तिथेच असेल. आत्ताच्या आत्ता जा.”

डॉक्टरबाई निघायच्या तयारीत होत्या. पर्स खांद्यावर, किल्ल्या हातात. थेंबरावांनी उभ्यानेच सांगायला सुरुवात केली आणि मध्ये श्वास न घेता शेवटापर्यंत सांगितले. हात त्यांनी खिशातून काढून टेबलावर ठेवला. अंगठा हलत होता. बाईंनी तो पाहिला, मग नजर थेंबरावांच्या चेहऱ्याकडे नेली.

“हाताचं मी समजू शकते,” त्या म्हणाल्या. “पण मला खोटं सांगितलंत, थेंबराव. ‘डीएनए कमी निघालं.’ हे तुम्ही मला सांगितलंत.”

“हो, बाई.”

“दुसऱ्या कोणी केलं असतं तर तुम्ही काय केलं असतंत?”

“त्याला टेबलाशी बसू दिलं नसतं.”

“बरं,” बाई म्हणाल्या आणि पर्स खाली ठेवली. “कागद दाखवा.”

त्यांनी कागद शेजारी शेजारी मांडले. पहिल्यांदा भरभर पाहिले, मग बोट ठेवून एक-एक शिखर पाहिले. खोलीत शीतपेटीची घरघर तेवढी चालू होती. थेंबराव शिक्षेची वाट पाहणाऱ्यासारखे उभे होते.

“बसा,” बाई म्हणाल्या. “मला सांगा, चुकून दुसऱ्या कुत्र्याचा थेंब नळीत पडला, तर जास्त कोण दिसेल? ज्याची नळी आहे तो, की चुकून पडलेला?”

“ज्याची नळी आहे तो.”

“इथे उलटं आहे. परका उंच आहे आणि मुकादम बुटका. आणि पहिल्या खेपेला जितका बुटका, तितकाच दुसऱ्या खेपेलाही. तुमचा हात चुकला असता तर प्रत्येक वेळी निराळा चुकला असता. हलणारा हात इतकी सारखी चूक करत नाही.”

“मग पहिल्याच वेळी अख्खा तुकडाच बदलला असेल.”

“कोणाशी? हा कुत्रा तुम्हाला कुठेच सापडला नाही म्हणता.”

बाईंनी कागद पुन्हा जवळ ओढले. आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर जे आले ते पाहून थेंबरावांचे धाबे आणखीच दणाणले, कारण बाई घाबरल्यासारख्या दिसत होत्या.

“याच गाठीचा तुकडा मेणात बसवून शेजारच्या विभागात ठेवलेला असेल,” त्या म्हणाल्या. “त्याला तुमचा हात लागलेला नाही.”

“नाही. तो मागवायला तुमची सही लागते.”

“म्हणून मागवला नाहीत.”

“म्हणून मागवला नाही.”

बाईंनी स्वतः जाऊन तुकडा आणला. मग त्यांनी पिपेट उचलून थेंबरावांपुढे धरली, सवयीने. थेंबरावांनी मान हलवली. “तुम्ही करा, बाई.” एवढे शब्द उच्चारायला त्यांना बराच जोर लावावा लागला. बाई टेबलाशी बसल्या, आणि थेंबराव दोन्ही हात पाठीमागे बांधून, शाळेत उभे केलेल्या मुलासारखे, त्यांच्या खांद्यावरून पाहत राहिले. बाईंनी वर्षानुवर्षे पिपेट धरली नव्हती. एक खळगा त्या चुकणार होत्या, तेव्हा थेंबराव हलकेच “त्याच्या पुढचा” असे म्हणाले.

यंत्र चालू असताना बाईंनी जे सांगितले ते थेंबरावांनी पुढे अनेकांना सांगितले, पण ऐकताना त्यांच्या अंगावर जो काटा आला तो त्यांना कोणाला नीट सांगता आला नाही. कर्करोग म्हणजे आपल्याच शरीराच्या पेशी बिघडून माजणे, हे सर्वांना ठाऊक असते. कुत्र्यांमध्ये मात्र असा एक कर्करोग आहे, की त्याच्या पेशी मूळच्या त्या कुत्र्याच्या नसतातच. हजारो वर्षांपूर्वी कुठल्या तरी एका कुत्र्याला तो झाला. तो कुत्रा मेला, पण त्याच्या गाठीतल्या पेशी मरायच्या आधी दुसऱ्या कुत्र्याला लागल्या, तिथून तिसऱ्याला. समागमातून, चाटण्यातून, हुंगण्यातून. कुत्रे एकमेकांची ओळख कशी करून घेतात हे सर्वांनी पाहिले आहे. नाकाला लागायला तेवढे पुरते. मरून हजारो वर्षे झालेल्या त्या जनावराच्या पेशी आजही एका देहातून दुसऱ्या देहात जिवंत फिरत आहेत.

“गाठ कुठे होते ते आम्ही पाठ केलेलं असतं,” बाई म्हणाल्या. “नाकात क्वचित होते. म्हणून कोणाच्या डोक्यात आलं नाही. आणि तुमच्या परेडीत आलं तर तुमचा नियम म्हणतो, माणूस चुकला, नमुना फेका. त्या नियमात माणसाच्या चुकीला जागा होती, थेंबराव. आजाराला नव्हती.”

आजवर दुसऱ्यांच्या फसलेल्या परेडी थेंबरावांना आठवू लागल्या होत्या. बाद केलेले नमुने, नवे मागवलेले नमुने, आणि ‘आता गरज नाही’ असा निरोप येऊन कधीच न आलेले नमुने. त्यांतले किती खरोखर अदलाबदलीचे होते? किती जणांकडे त्यांनी चष्म्याच्या वरून पाहिले होते? ज्याचे उत्तर मिळवायला काहीही शिल्लक ठेवलेले नाही, असा तो प्रश्न होता, आणि सगळे फेकून देण्याची शिस्त त्यांनीच लावली होती.

“तुम्हाला हे ठाऊक होतं, बाई?” त्यांनी विचारले.

“वाचलं होतं,” बाई म्हणाल्या. “वाचलेलं माझ्या टेबलावर येईल असं वाटलं नव्हतं.”

यंत्र थांबले. मेणातल्या तुकड्यातही तोच परका कुत्रा उंच उभा होता. या गाठीच्या डीएनएमध्ये एका ठरावीक जागी दोन असंबद्ध तुकडे सांधलेले असतात, कुत्र्याच्या निरोगी डीएनएमध्ये तसे नसतात. बाईंनी तोही सांधा तपासला, आणि तो होता. बाईंनी सर्जनांना फोन लावला. सर्जनांचा आवाज पलीकडून इतका चढला होता, की थेंबरावांना शब्द न् शब्द ऐकू आला.

“आत्ता सांगताय? उद्याचं टेबल मी मोडून ठेवू?”

“मोडा,” बाई म्हणाल्या. “जबड्याला हात लावू नका. शिरेतून औषध द्यायचं, आठवड्याला एकदा. बहुतेक कुत्रे त्यानं बरे होतात.”

“बहुतेक?”

“बहुतेक.”

त्या ‘बहुतेक’वर ताईचे आणि थेंबरावांचे पुढचे आठवडे गेले. पहिल्या सुईनंतर मुकादम दोन दिवस अन्नाकडे पाहीना, आणि ताईने कापड कापताना एक बाही उलटी कापली. दुसऱ्या सुईनंतर नाकातले रक्त थांबले. तिसऱ्या सुईच्या दिवशी डोळ्याखालचा फुगवटा बोटाने शोधावा लागला, आणि सर्जनांनी पंजा धरताच मुकादम त्यांच्यावर असा गुरगुरला, की ते मागे सरले.

“सुधारतोय,” सर्जन म्हणाले.

“तुम्हाला ओळखतोय,” ताई म्हणाली.

बाईंनी थेंबरावांना काढून टाकले नाही. त्यांनी फक्त एवढे सांगितले, की खोटे सांगितल्याबद्दल जे लिहायचे ते मी लिहीन. आणि मज्जातंतूंच्या डॉक्टरांनी हात पाहून काही सांगेपर्यंत तुम्ही नळीला हात लावायचा नाही. थेंबरावांनी ते मान खाली घालून ऐकले. कुत्र्याच्या बाबतीत हात निर्दोष ठरला, म्हणून क्षणभर त्यांच्या मनाने उसळी घेतली होती. पण परका कुत्रा हाताने आणला नाही, एवढेच यंत्राने सांगितले होते. हात का हलतो, याबद्दल ते एक अक्षर बोलले नव्हते.

“पुढच्या आठवड्यात बघू,” ते ताईला म्हणाले.

“मुकादमाला विचारलं होतंस, कधी सुई टोचू म्हणून?” ताई म्हणाली. “मी वेळ घेऊन ठेवलीय. शर्ट इस्त्री केलाय. चल.”

मज्जातंतूंच्या डॉक्टरांची खोली लहान आणि अतिशय नीटनेटकी होती. एरवी थेंबरावांना ती आवडली असती. डॉक्टरांनी त्यांना उठायला लावले, चालायला लावले, वळायला लावले. मनगट धरून कोपर वाकवले, सरळ केले. बोटे उघडझाप करायला सांगितली. थेंबरावांनी प्रत्येक गोष्ट सांगितल्याबरहुकूम केली आणि प्रत्येक वेळी डॉक्टरांच्या चेहऱ्याकडे पाहिले. त्या चेहऱ्यावर काहीही उमटत नव्हते.

“आता बसा. दोन्ही हात मांडीवर सैल सोडा. डोळे मिटा,” डॉक्टर म्हणाले. “आणि शंभरातून सात वजा करत चला. मोठ्यानं म्हणा.”

“हात धरून ठेवू नये का?”

“नको. हाताकडे लक्षच देऊ नका.”

थेंबरावांनी डोळे मिटले.

“त्र्याण्णव,” ते म्हणाले. “शहाऐंशी. एकोणऐंशी.”

हिशेब त्यांचा पक्का होता. अंगठा मात्र हलतो आहे की नाही, हे त्यांना मिटल्या डोळ्यांनी कळेना. कधी वाटे, हलतो आहे. कधी वाटे, छे, हा पंख्याचा वारा. ते पाहू शकत होती ती दोनच माणसे. डॉक्टर बोलत नव्हते, ते साहजिकच होते. पण समोरच्या खुर्चीवर ताई बसली होती. जिन्यापासून इथपर्यंत, पायऱ्या किती चढवल्या इथपासून डॉक्टरांच्या पडद्याची शिलाई कशी उसवली आहे इथपर्यंत, तिचे तोंड एक क्षण बंद नव्हते.

“बाहत्तर,” थेंबराव म्हणाले. “पासष्ट.”

ताई काही बोलेना.

“अठ्ठावन्न,” ते म्हणाले आणि डोळे न उघडता कान तिच्याकडे लावून मोजत राहिले.